पतितांचे स्थान : आद्य ख्रिस्ती मंडळीवरील ऐतिहासिक कादंबरीचा एक विचार

१८५३ ते १८५५ ह्या अवघ्या तीन वर्षांत इंग्रजी भाषेत आद्य ख्रिस्ती मंडळीच्या जीवनावर तीन महत्त्वाच्या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या : चार्ल्स किंग्स्लीची 'हायपेशिया', कार्डिनल वाइज्मनची 'फेबिओला' आणि जॉन हेन्री न्यूमनची 'कॅलिस्टा'. पहिली प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने लिहिलेली, उरलेल्या दोन रोमन कॅथलिक लेखकांनी, आणि त्या पुष्कळ अंशी पहिलीला उत्तर म्हणून लिहिलेल्या. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या शतकांतील आलेक्झांड्रिया, रोम व आफ्रिका ही स्थळे वरवरची. खरा वाद एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये चाललेला होता. आद्य मंडळीचा खरा वारस कोण, हा तो वाद. किंग्स्ली व न्यूमन ह्यांची १८६४ साली प्रत्यक्ष जुंपली व तीतून न्यूमनचे आत्मचरित्र जन्मास आले, हे वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. (ह्याच सुमारास, १८५७ साली, मराठीत बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' निघाले. त्याचा विषय अगदी निराळा. परंतु नुकतेच धर्मांतर केलेल्या मनुष्याने आपला नवा विश्वास कादंबरीच्या साच्यात ओतून पाहावा, ही घटना दोन्हीकडे एकाच दशकात घडावी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.)

ह्या तीन कादंबऱ्यांपासून पुढे सुमारे शंभर वर्षे ह्या प्रकारच्या कथावाङ्मयाचा ओघ अखंड वाहत राहिला. त्याचा ठरलेला साचाही आता कोणालाही सांगता येईल. एक उमदा रोमन तरुण, एक पवित्र ख्रिस्ती कुमारी, एक क्रूर अथवा वेडसर बादशहा, भुयारातील गुप्त उपासना, कोणा लोभी माणसाची फितुरी, आणि शेवटी रंगभूमीतील श्वापदे. ह्या साच्यावर टीका करणे सोपे आहे व ती अनेकांनी केलेली आहे. भुयारे ही लपून राहण्याची जागा नसून ती दफनभूमी होती आणि तिचे अस्तित्व रोमन अधिकाऱ्यांना चांगले ठाऊक होते, हे पुराणवस्तुशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. तथापि असल्या तपशिलाच्या चुका काढीत बसण्यात आम्हांस फारसे स्वारस्य वाटत नाही. कादंबरीकाराने भुयारात चार माणसे लपविली म्हणून कादंबरी पडत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या काळाविषयी हे वाङ्मय बोलते त्या काळाच्या अंतःकरणातील मुख्य वेदना त्यात आली आहे काय, हा तो प्रश्न होय.

ही वेदना कोणती हे समजण्यासाठी मूळ साधनांकडे वळले पाहिजे. आद्य मंडळीतील सर्वच लोक रक्तसाक्षी झाले नाहीत. बहुसंख्य झाले नाहीत. सुमारे इ. स. २४८ च्या सुमारास लिहिताना ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित स्वतःच म्हणतो की, धर्मासाठी मरण पावलेल्यांची संख्या अल्प असून ती सहज मोजता येण्यासारखी आहे. सतराव्या शतकात डॉडवेलने आणि अठराव्यात गिबनने हे विधान उचलून धरले तेव्हा धर्माभिमान्यांना राग आला. परंतु विधान मुळात मंडळीतल्याच माणसाचे आहे. त्यापूर्वी इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी हा बिथिनिया प्रांताचा अधिकारी बादशहा त्राजानला पत्र लिहून कळवितो, की पकडलेल्यांपैकी कित्येकांनी देवांचे नाव घेतले, बादशहाच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य अर्पण केले, ख्रिस्ताची निंदाही केली, आणि आपण पूर्वी ख्रिस्ती होतो पण कित्येक वर्षांपूर्वीच तो मार्ग सोडला असे सांगितले. अशा माणसांना क्षमा करावी, असे त्राजान उत्तरादाखल कळवितो. ती घरी जातात. कादंबरीकार त्यांच्या मागोमाग जात नाही.

ओरिजेनच्या वरील वाक्यानंतर दोनच वर्षांनी खरी कसोटी आली. बादशहा डेसियसने साम्राज्यातील प्रजेने देवांना बळी अर्पण करावा व तसा दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. दीर्घ शांततेत वाढलेली मंडळी ह्या एका हुकुमाने कोसळली. कार्थेजचा बिशप सिप्रियन ह्याने २५१ साली लिहिलेला पतितांविषयीचा प्रबंध ह्या दृष्टीने अतिशय हृदयद्रावक आहे. लोक बोलावण्याची वाटही न पाहता चौकात धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी उद्या या असे सांगितले तेव्हा कित्येकांनी आजच आमचे उरकून टाका अशी विनवणी केली, असे तो सांगतो. स्मर्ना येथे तर खुद्द बिशपनेच बळी अर्पण केला. लॅटिनमध्ये ह्या लोकांना 'लाप्सी', म्हणजे घसरून पडलेले, असे नाव पडले. मराठीत 'पतित' हा शब्द अर्थाने अगदी जवळचा आहे. मात्र आपल्याकडे त्या शब्दाच्या मागोमाग 'पावन' हा शब्द आपोआप कानी येतो. आफ्रिकेच्या मंडळीत तो इतक्या सहज आला नाही. पतितांना परत घ्यावे की नाही, घ्यावयाचे तर कोणी, किती वर्षांच्या प्रायश्चित्तानंतर, ह्या प्रश्नावर मंडळी दुभंगली. तुरुंगातील कबुलीदारांनी पतितांना क्षमेच्या चिठ्ठ्या वाटण्यास आरंभ केला. सिप्रियनने तीस विरोध केला. परंतु तो स्वतः छळाच्या आरंभीच लपून बसला असल्यामुळे त्याच्या विरोधास धार राहिली नाही. रोममधील धर्मगुरूंनी तर भाडोत्री मेंढपाळाची आठवण करून देणारे पत्र पाठविले. इकडे नोव्हेशियनने पतितांना मुळीच दार उघडू नये म्हणून वेगळी चूल मांडली. ह्याहून नाट्यपूर्ण विषय कादंबरीकाराला दुसरा कोणता हवा?

आता ह्या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध कृतीकडे वळू. हेन्रिक सेन्केविचची 'क्वो वादिस' ही पोलिश कादंबरी १८९५-९६ मध्ये नियतकालिकातून व १८९६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, आणि तिच्या कर्त्यास १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यातील कलागुणांविषयी आम्हांस शंका नाही. रोमच्या आगीचे वर्णन, नीरोच्या दरबारातील गुदमरून टाकणारी रसिकता आणि विशेषतः पेट्रोनियसचे पात्र ह्यांस तोड नाही. टॅसिटसने पेट्रोनियसच्या मृत्यूची हकीकत थोडक्यात दिली आहे. तिच्यावरून सेन्केविचने असा एक मनुष्य उभा केला आहे की, ख्रिस्ती धर्माचे तेज ज्याला दिसते पण ज्याला ते हवेसे वाटत नाही. कादंबरीतील नायक व्हिनिशियस प्रेमामुळे ख्रिस्ती होतो. पेट्रोनियस आपल्या स्वभावाशी प्रामाणिक राहून मेजवानीत शिरा कापून घेतो. ख्रिस्ती धर्माच्या गौरवार्थ लिहिलेल्या ग्रंथात वाचकाचे मन ह्या मूर्तिपूजकाच्या मृत्यूवर अधिक काळ रेंगाळते, ही गोष्ट लेखकाच्या प्रामाणिकपणाची साक्ष मानावयास हरकत नाही.

परंतु फितुरीचे काय? कादंबरीत ख्रिस्ती लोकांना पकडून देणारा मनुष्य म्हणजे खिलो हा ग्रीक. तो लबाड, वाचाळ, पोटार्थी तत्त्वज्ञ. मंडळीत तो शिरतो तो हेरगिरीसाठी. म्हणजे तो बाहेरचा आहे. आता टॅसिटसचा मूळ वृत्तांत पाहावा. इ. स. ६४ च्या आगीचा संशय स्वतःवरून उडविण्यासाठी नीरोने ख्रिस्ती लोकांवर आळ घेतला, हे सर्वांना माहीत असते. त्यापुढचे वाक्य मात्र बहुधा नजरेआड होते. त्या वाक्याचा आशय असा की, प्रथम कबुली देणाऱ्यांना पकडण्यात आले आणि मग त्यांनी दिलेल्या माहितीवरून फार मोठा समुदाय दोषी ठरविण्यात आला. म्हणजे पहिल्यांदा पकडलेल्यांनीच इतरांची नावे सांगितली. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या, क्लेमेंटच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पत्रात पेत्र व पौल ह्यांचा अंत 'मत्सर' व 'हेवा' ह्यांमुळे झाला असे म्हटले आहे. ऑस्कर कुलमानसारख्या विद्वानाने ह्यावरून मंडळीतील अंतर्गत कलहाचाच त्या मृत्यूंत हात असला पाहिजे असे अनुमान काढले आहे. टॅसिटसच्या वृत्तांतावर सर्वांचा विश्वास आहे असे नव्हे. ब्रेंट शॉ ह्या इतिहासकाराने २०१५ साली नीरोचा छळ ही पुढची कल्पना असावी असा पक्ष मांडला. परंतु कादंबरीकाराने टॅसिटसचा आधार स्वीकारला आहे, आणि स्वीकारून त्यातील एकच वाक्य गाळले आहे. श्वापदांची कातडी घेतली, जिवंत मशाली घेतल्या, वधस्तंभ घेतले, आणि आतल्या माणसाची फितुरी तेवढी बाहेरच्या ग्रीकाच्या पदरात टाकली.

असे का झाले असावे? सेन्केविच लिहीत होता तेव्हा पोलंड हे राष्ट्र नकाशावर नव्हते. तीन साम्राज्यांनी ते वाटून घेतले होते. नायिका लिगिया ही लिगियन जमातीची राजकन्या, आणि ही जमात आजच्या पोलंडच्या भूमीत राहत असे. रोममध्ये ओलीस ठेवलेली ही मुलगी, रानबैलाच्या शिंगांना बांधून रंगभूमीत सोडलेली, आणि तिच्याच जमातीच्या उर्ससने त्या बैलाची मान मोडून वाचविलेली. पोलिश वाचकांनी त्यात काय पाहिले असेल हे सांगावयास नको. ज्या समाजाला आपल्या दुःखाचे प्रतिबिंब पाहावयाचे आहे त्याला त्या प्रतिबिंबात घरभेदे नकोसे वाटतात. ही अडचण आपल्या ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकांनाही अपरिचित नाही. मात्र कारण समजले म्हणजे उणीव भरून निघते असे नव्हे.

खिलोचा शेवट येथे विसरून चालणार नाही. ज्या ग्लॉकसचा त्याने अनेकवार घात केला तो खांबाला जळत असताना खिलो त्याच्यापुढे कोसळतो, क्षमा मागतो, ती मिळते, आणि मग तो सर्वांदेखत नीरोकडे बोट दाखवून आग लावणारा हाच, असे ओरडतो. पौल त्याला बाप्तिस्मा देतो व पुढे तो वधस्तंभावर मरतो. कादंबरीतील हा सर्वोत्कृष्ट प्रसंग होय, असे आमचे मत आहे. धीट माणसांच्या ओळींच्या ओळी रंगभूमीत मरत असता आपण ज्याच्यासाठी श्वास रोखतो तो हा भित्रा मनुष्य आहे. सेन्केविचच्या कलेला ह्या ठिकाणी जे उमगले ते त्याच्या रचनेला उमगले नाही. आणखी एक गोष्ट. ज्या आख्यायिकेवरून कादंबरीला नाव मिळाले ती पेत्राच्या नावावरील दुसऱ्या शतकातील कृत्यांच्या ग्रंथातली. आणि ती आहे पलायनाची आख्यायिका. पेत्र रोम सोडून निघाला आहे. वाटेत त्याला प्रभू समोरून येताना दिसतो. तो विचारतो, प्रभो, कोठे चाललास? ज्याने पूर्वी तीन वेळा नाकारले त्याचेच पाऊल पुन्हा मागे पडत होते, अशी आठवण मंडळीने आपल्या आद्य पुढाऱ्याविषयी जपून ठेवली. कादंबरीत हा प्रसंग उजेडाने इतका भरून गेला आहे की, त्यातील पळून जाणारा म्हातारा क्वचितच दिसतो.

'फेबिओला'त आतला पतित आहे. टॉर्क्वेटस हा नवख्रिस्ती, जुगाराच्या नादाने कर्जात बुडालेला, धमकीला बळी पडून भुयारांची माहिती देणारा. वाइज्मनने त्याला पश्चात्तापाची वाटही ठेवली आहे. परंतु पात्र म्हणून तो उभा राहत नाही. वाइज्मनला प्रत्येक प्रसंग म्हणजे मंडळीच्या रूढींचे प्रात्यक्षिक वाटतो, आणि टॉर्क्वेटस हा त्याला प्रायश्चित्तविधीचे एक उदाहरण म्हणून हवा असतो. पुस्तक लोकप्रिय झाले व अनेक भाषांत गेले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

न्यूमनची 'कॅलिस्टा' ह्या सर्वांत कमी वाचली जाते आणि आमच्या दृष्टीने ती सर्वांत विचारार्ह आहे. तिचा काळ इ. स. २५०, म्हणजे नेमका डेसियसच्या हुकुमाचा. स्थळ रोमन आफ्रिकेतील सिक्का हे गाव. न्यूमन ह्या कालखंडाचा जन्मभर अभ्यास केलेला विद्वान. सिप्रियनचे लेखन त्याच्या हाडीमांसी मुरलेले, आणि स्वतः सिप्रियन लपून राहिलेला बिशप म्हणून, सेसिलियस ह्या नावाने, कादंबरीत वावरतो. सिक्काची मंडळी शांततेने सैल पडलेली आहे. नायक अजेलियस हा ख्रिस्ती आहे, पण एकाकी, अर्धवट उत्साहाचा. चुलता जुकुंडस हा देवांच्या मूर्ती विकणारा दुकानदार, मनाने वाईट नव्हे, पुतण्याने चिमूटभर धूप टाकून सुखाने राहावे एवढीच त्याची इच्छा. जुकुंडस हे पात्र फार चांगले उतरले आहे. छळ करणारे लोक राक्षस नसतात, त्यांना गावात शांतता हवी असते व नातलग सुखरूप हवे असतात, हे न्यूमनला कळले होते. नीरोच्या वेडावर सर्व भार टाकणाऱ्या कादंबऱ्यांपेक्षा हे ज्ञान पुष्कळ पुढचे आहे.

अजेलियस कॅलिस्टाकडे येतो तो विवाहाची मागणी घालण्यासाठी. मूर्ती घडविणारी ही ग्रीक तरुणी त्याला जे उत्तर देते ते ह्या प्रकारच्या वाङ्मयात अपूर्व होय. तू आपल्या प्रभूविषयी मला काही सांगशील अशी मी वाट पाहत होते आणि तू मात्र माझ्याचविषयी बोलत आलास, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. तरुण-तरुणीच्या प्रेमातून धर्मांतर घडविण्याची जी युक्ती सेन्केविचने पुढे वापरली ती न्यूमनने चाळीस वर्षे आधीच मोडून टाकली होती. पुढे टोळधाड येते, लोक चवताळतात, दंगल होते, आणि कॅलिस्टा ख्रिस्ती समजून पकडली जाते. ती ख्रिस्ती नाही. तिने धूप टाकला की ती सुटेल. भाऊ व जुकुंडस तिची मनधरणी करतात. तिला धूप टाकता येत नाही, आणि मी ख्रिस्ती आहे असेही म्हणता येत नाही.

ह्या अवस्थेचे महत्त्व सिप्रियनचा प्रबंध शेजारी ठेवला म्हणजे कळते. कार्थेजचा पतित मनाने विश्वास ठेवीत होता आणि हाताने धूप टाकीत होता. कॅलिस्टाचा विश्वास अजून बसलेला नाही आणि तिचा हात वळत नाही. न्यूमनने पतिताचे चित्र जणू आरशात उलटे करून काढले आहे. तुरुंगात लूककृत शुभवर्तमान वाचीत असताना तिचे मन वळते, ती बाप्तिस्मा घेते व हाल सोसून मरते. हा उत्तरार्ध सुंदर आहे, तरी आम्हांस वाटते की न्यूमनने येथे आपल्या हातातील अधिक अवघड धागा सोडून दिला. तो धागा म्हणजे अजेलियस. ज्या मनुष्याची कसोटी व्हावयास हवी त्याला चुलता कोंडून ठेवतो. तो चौकापर्यंत पोचतच नाही. पुढे तो बिशप होतो व डायोक्लेशनच्या छळात रक्तसाक्षी होतो, असे शेवटी सांगितले जाते. म्हणजे दुर्बळ ख्रिस्ती मनुष्याला लेखकाने २५० सालच्या परीक्षेतून उचलून अर्धशतक पुढे नेऊन ठेवले. सिप्रियनचा एवढा मोठा अभ्यासक असूनही त्याला पतिताच्या आत शिरवले नाही.

न्यूमनच्या हाती एक साधन नव्हते हे येथे नमूद केले पाहिजे. बळी अर्पण केल्याचे मूळ दाखले ईजिप्तच्या वाळूत सापडले ते पुढे, आणि त्यांतील पहिला १८९३ साली प्रसिद्ध झाला. आज असे चाळीसहून अधिक दाखले उपलब्ध आहेत. त्या पहिल्या दाखल्यावरील अर्जदार सताबूसचा मुलगा ऑरेलियस डायोजेनीस, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण; मी नेहमीच देवांना बळी अर्पण करीत आलो व आताही हुकुमाप्रमाणे केला, असे तो लिहून देतो. अर्सिनोए येथील एका दाखल्यावरील बाई तर मगररूप देव पेटेसुखोस ह्याची पुजारीण आहे. तिच्यावर ख्रिस्ती असल्याचा संशय घेण्याचे कारणच नाही. म्हणजे दाखला सर्वांनाच घ्यावा लागत होता, आणि म्हणूनच डायोजेनीस हा ख्रिस्ती होता की नव्हता हे त्या कागदावरून सांगता येत नाही. पैसे देऊन दाखला मिळविणाऱ्यांचा एक वेगळा वर्गच मंडळीत मानला जाई. आपण प्रत्यक्ष बळी दिला नाही, फक्त कागद घेतला, असे ते म्हणत. हे समाधान किती दिवस पुरले असेल? इतिहासाचा कागद येथे संपतो आणि कादंबरीकाराचे काम सुरू होते.

ह्या कामाच्या सर्वांत जवळ गेलेली कृती आमच्या मते पार लागेरक्विस्टची 'बाराब्बास' ही १९५० सालची लहानशी स्वीडिश कादंबरी. ख्रिस्ताच्या जागी सुटलेला हा दरोडेखोर. सायप्रसच्या ताम्रखाणीत तो साहाक नावाच्या आर्मेनियन गुलामाशी एकाच साखळीने बांधलेला असतो. गुलामांच्या गळ्यातील बिल्ल्यावर कैसराची खूण असते; साहाकने बिल्ल्याच्या मागे ख्रिस्ताचे नाव कोरून घेतलेले असते, आणि बाराब्बासही ते कोरून घेतो. अधिकारी विचारतो तेव्हा साहाक ठाम राहतो. बाराब्बासला विचारले असता तो सांगतो की आपला देव नाही. मग हे नाव का, तर आपल्याला विश्वास ठेवण्याची इच्छा आहे. अधिकारी कट्यारीच्या टोकाने ते नाव खोडून टाकतो. साहाक वधस्तंभावर जातो आणि बाराब्बास लांब आडोशाला राहून पाहतो. दाखल्यांच्या काळाला दोनशे वर्षे अवकाश असता, हा प्रसंग म्हणजे डेसियसच्या चौकाचीच पूर्वछाया आहे; आणि येथे लेखकाने भय, लाज, ओढ ह्यांपैकी कशालाही नाव न देता केवळ खोडलेला बिल्ला दाखविला. पुढे रोम जळू लागते तेव्हा ख्रिस्ती लोकच आग लावीत आहेत असा समज करून घेऊन बाराब्बास मोठ्या आवेशाने त्यांच्या मदतीस धावतो, आणि ज्यांना तो मदत करावयास गेला ते त्याला ओळख देत नाहीत. त्याचे मरताना काढलेले शब्द देवाला उद्देशून आहेत की अंधाराला, हे वाचकावर सोपविले आहे.

तथापि 'बाराब्बास'वर आमचा एक आक्षेप आहे. लागेरक्विस्टचा पतित एकटा आहे. सिप्रियनचे पतित एकटे नव्हते. त्यांना आई-बाप होते, धूप टाकताना हात धरून नेलेली लेकरे होती, तुरुंगात राहिलेले शेजारी होते. आणि त्यांना परत यावयाचे होते. बाराब्बासला दाराबाहेर उभे राहण्याची व्यथा आहे, परंतु ते दार पूर्वी त्याच्या स्वतःच्या घराचे नव्हते. विसाव्या शतकातील एकाकी मनुष्याची व्यथा लेखकाने पहिल्या शतकात नेली, जसा किंग्स्लीने आपल्या काळचा पंथद्वेष पाचव्यात नेला होता. फरक एवढाच की लागेरक्विस्टने नेलेली वस्तू त्या काळात शोभून दिसते.

२५१ सालच्या कार्थेजच्या धर्मपरिषदेने दाखला घेणाऱ्यांना प्रत्येकाची चौकशी करून परत घ्यावे व प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना मरणसमयीच क्षमा द्यावी, असे ठरविले; पुढे नव्या छळाची चाहूल लागताच दुसऱ्या वर्गालाही दार उघडण्यात आले. सभेपुढे एक एक माणूस उभा राहिला असेल, आणि समोर बसलेल्यांत छळात डोळा अथवा हात गमावलेले असतील, तसेच स्वतः लपून राहिलेला बिशपही. ह्या सभेवर लिहिलेली समर्थ कादंबरी अद्याप आमच्या वाचनात आलेली नाही. ह्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी 'कॅलिस्टा' वाचताना सिप्रियनचा प्रबंध व त्याची त्या दोन वर्षांतील पत्रे शेजारी ठेवावीत, आणि न्यूमनने त्यांतून काय घेतले ह्याबरोबरच काय ठेवून दिले ह्याचीही नोंद करावी.